एकमेकांच्या वर्गात बसायचं कसं: शिक्षक आणि मुख्याध्यापकांसाठी पायरीपायरीने

मुख्याध्यापक झालो त्या पहिल्या वर्षी मी एका सहकारी शिक्षिकेच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसलो. हातात छापील तक्ता होता. फळ्याचा वापर, आवाज, शैक्षणिक साधनं, वर्गनियंत्रण, आणि प्रत्येकापुढे पाचपैकी गुण. तास संपल्यावर तक्ता भरला, त्यांची सही घेतली, ‘छान झाला, मुलांचा सहभाग थोडा वाढवा’ असं सांगितलं आणि निघालो. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा त्यांनी आदल्या दिवशी शिकवून झालेला पाठच पुन्हा घेतला. प्रश्न पुरता विचारून व्हायच्या आत मुलं उत्तरं देत होती.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी ज्या पद्धतीने वर्गात शिरलो होतो, त्या पद्धतीत कुणीही हेच केलं असतं. त्यानंतरची काही वर्षं सहकाऱ्यांसोबत धडपडत, चुका दुरुस्त करत जे शिकलो ते इथे लिहितो आहे. शाळेत एकमेकांचे तास बघून शिकवणं सुधारायची इच्छा आहे, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, अशा शिक्षकांसाठी आणि मुख्याध्यापकांसाठी हा लेख आहे.

काय काय लागतं

- प्रत्येक जोडीसाठी एक साधी वही. छापील नमुना नको, त्याचं कारण पुढे येईल.
- वर्गाचा बैठक नकाशा. कोण कुठे बसतं ते अर्ध्या पानावर काढलेलं.
- सेकंद काटा असलेलं घड्याळ.
- शाळेच्या वेळापत्रकाची प्रत आणि पेन्सिल.
- त्या पाठाचं टाचण. मुद्दे एवढेच पुरेत, सुवाच्य प्रत काढायला लावू नका.
- तास संपल्यावर मुलांच्या पाच-सहा वह्या. ही गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते आणि सगळ्यात जास्त कामाची असते.
- चार ओळींचा लेखी करार.

१. निरीक्षण आणि मूल्यमापन एका दावणीला बांधू नका

हा करार पहिल्याच दिवशी लिहून काढा. आमचा असा होता: नोंदी ज्यांचा वर्ग त्यांच्याकडेच राहतील. त्यांवर गुण, श्रेणी किंवा तारे नसतील. वार्षिक गोपनीय अहवालात त्यांचा उल्लेख येणार नाही. वर्गात पाहिलेलं स्टाफरूममध्ये तिसऱ्याला सांगायचं नाही.

गुण नकोत, यामागे केवळ सौजन्य नाही. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये मुलांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध आहे. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त लेखी शेरा, काहींना दोन्ही. ज्यांना फक्त शेरा मिळाला त्यांचं काम सुधारलं. ज्यांना शेऱ्याबरोबर गुणही मिळाले त्यांना शेऱ्याचा फारसा उपयोग झाला नाही. मोठ्या माणसांच्या बाबतीत वेगळं काही घडताना मी पाहिलेलं नाही. पाचपैकी तीन हा आकडा दिसला की खालच्या ओळी कुणी वाचत नाही.

मुख्याध्यापकांना मूल्यमापन तर करावंच लागतं. ते करा, पण वेगळ्या दिवशी, वेगळ्या कागदावर, आणि ‘आज मी मूल्यमापनासाठी येतो आहे’ असं आधी सांगून. दोन्ही टोप्या एकदम घालून वर्गात शिरलात तर शिक्षकाला मूल्यमापनाचीच टोपी दिसते.

२. पहिला वर्ग मुख्याध्यापकांचा

तुम्ही मुख्याध्यापक असाल तर ही पायरी ओलांडून पुढे जाऊ नका. आठवड्याला एक तरी तास स्वतः घ्या आणि पहिलं निरीक्षण त्या तासाचं होऊ द्या. निरीक्षकही शक्यतो शाळेतला सगळ्यात नवा शिक्षक असावा.

व्हिव्हियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये शालेय नेतृत्वावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. नेतृत्वाच्या पाच अंगांपैकी मुलांच्या शिकण्याशी सगळ्यात घट्ट नातं एका अंगाचं दिसलं: शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणं आणि त्यात स्वतः सहभागी होणं. त्यातला ‘सहभागी होणं’ हा भाग महत्त्वाचा. शिबिराचं उद्घाटन करून कार्यालयात परतणं म्हणजे सहभाग नव्हे.

माझ्या तासाला आलेल्या तरुण शिक्षकाने लिहिलं होतं: ‘प्रश्न १४. उत्तरं देणारी मुलं ४. मागच्या दोन रांगांतून एकही नाही.’ इतकी वर्षं शिकवून हे मला कधी दिसलं नव्हतं. तो कागद मी स्टाफरूमच्या फलकावर लावला. बाकीच्यांनी वर्गाची दारं उघडायला सुरुवात केली ती त्यानंतर.

३. जोड्या आणि वेळ

सगळ्या शाळेला एकदम जुंपू नका. दोन किंवा तीन जोड्या पुरेत, आणि त्याही स्वतःहून पुढे आलेल्यांच्या. कोण कुणासोबत बसणार हे त्यांनाच ठरवू द्या. ‘अनुभवी आणि नवीन’ अशी जोडी कागदावर चांगली दिसते, पण महिनाभरात त्यातला एक जण परीक्षक आणि दुसरा उमेदवार होऊन बसतो. विषय वेगळे असले तरी चालतात. भाषेच्या शिक्षिका विज्ञानाच्या तासाला बसल्या की मुलांच्या जागी बसून ऐकतात, आणि कुठे सुटलं ते नेमकं सांगतात. एखाद्या घटकात मुलं नेमकी कशामुळे चुकतात हे शोधायचं असेल, तेव्हा मात्र त्याच विषयाचा जोडीदार हवा.

एका फेरीला साधारण ४५ मिनिटं लागतात. आधी १० मिनिटं बोलणं, २० मिनिटं वर्गात, नंतर १५ मिनिटं पुन्हा बोलणं. अख्खा तास बसायची गरज नाही. ही ४५ मिनिटं शाळेच्या वेळेतूनच काढावी लागतात. शाळा सुटल्यावर थांबायला सांगितलं तर पहिल्या दोन आठवड्यांत सगळे थांबतात, नंतर कुणीही नाही. आम्हाला उपयोगी पडलेली सोय अशी: जो शिक्षक निरीक्षणाला जातो त्याच्या वर्गावर बदली तास मुख्याध्यापक स्वतः घेतात. त्यामुळे वेळापत्रक सांभाळलं जातं आणि मुख्याध्यापकांचं शिकवणंही सुटत नाही.

४. जाण्याआधी एकच प्रश्न ठरवा

प्रश्न ज्यांचा वर्ग त्यांनीच ठरवायचा. ‘माझं शिकवणं कसं वाटतं ते सांगा’ हा प्रश्न नव्हे, त्यावर ‘छान’ याखेरीज उत्तर मिळत नाही. डोळ्यांनी बघता येईल किंवा मोजता येईल असं काहीतरी विचारा:

- प्रश्न विचारल्यावर मी किती वेळ थांबते?
- गटकामात प्रत्येक गटात प्रत्यक्ष काम कोण करतं?
- सूचना दिल्यावर लिहायला सुरुवात होईपर्यंत किती वेळ जातो?
- मी ‘समजलं का?’ विचारल्यावर ‘हो’ म्हणणाऱ्या मुलांच्या वहीत काय आहे?

नवख्या जोड्यांना मी पहिला प्रश्न सुचवतो. मेरी बड रो या विज्ञान शिक्षणाच्या अभ्यासक होत्या. त्यांना १९७० च्या दशकातल्या कामात असं आढळलं, की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी १ सेकंदाच्या आसपास थांबतात आणि मग स्वतःच उत्तर देतात किंवा दुसऱ्याला विचारतात. हाच वेळ ३ सेकंदांपर्यंत वाढवला की उत्तरं लांब होतात, ‘माहीत नाही’ कमी ऐकू येतं, एरवी गप्प राहणारी मुलं बोलू लागतात. मोजायला सोपं, बदलायला शक्य, आणि कुणाला कमीपणा वाटावा असं त्यात काही नाही. पहिल्या फेरीसाठी एवढं पुरेसं आहे.

५. वर्गात: बघायचं मुलांकडे, लिहायचं जसंच्या तसं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

मागच्या बाकावर बसू नका. तिथून मुलांच्या पाठी आणि शिक्षकाचं तोंड दिसतं, मग आपसूकच शिक्षकाविषयी लिहिलं जातं. बाजूला, खिडकीकडे किंवा पुढच्या कोपऱ्यात बसा, जिथून मुलांचे चेहरे आणि निदान तीन-चार वह्या दिसतील. बैठक नकाशावर तीन मुलं आधीच निवडा: पटकन हात वर करणारं एक, मधलं एक, कधीच हात न वर करणारं एक. वर्गात असेपर्यंत त्यांच्यावरच लक्ष ठेवा. शिकवण्यात हस्तक्षेप नको, आणि शेजारच्या मुलाला हळूच उत्तर सांगायचा मोह तर अजिबात नको.

पानावर दोन रकाने करा. डावीकडे वेळ, उजवीकडे जे दिसलं आणि ऐकू आलं ते. ‘मुलं रमली होती’ ही नोंद नव्हे, तो तुमचा निष्कर्ष झाला. बी.एड. करताना फ्लँडर्सची आंतरक्रिया विश्लेषण पद्धती आपण पाठ केली होती: वर्गातल्या बोलण्याचे १० प्रकार आणि दर ३ सेकंदांनी एक खूण. रोजच्या कामात ती कुणाला झेपत नाही, पण तिच्यातलं तत्त्व घेण्यासारखं आहे. आधी घडलं ते टिपा, अर्थ नंतर लावा. तक्ता छापून घेऊ नका असं म्हटलं तेही याचसाठी. तक्ता हातात असला की आपण त्यातले रकाने भरत बसतो आणि डोळ्यांसमोर घडणारं निसटतं.

दशांश अपूर्णांकांच्या एका तासाला मी लिहिलेल्या या तीन ओळी बघा:

*१०:१२ – शि.: ‘०.३५ आणि ०.४, मोठी संख्या कोणती?’ ७ हात वर.*
*१०:१२ – तिसऱ्या रांगेतली मुलगी: ‘०.४.’ शि.: ‘बरोबर!’ पुढचं उदाहरण फळ्यावर.*
*१०:१३ – माझ्या शेजारचा मुलगा: वहीत ०.३५ ला गोल केला होता. ‘बरोबर’ ऐकल्यावर खोडला. ०.४ ला गोल.*

शिक्षकाला फळ्यापाशी उभं राहून दिसलं ते एवढंच: प्रश्न विचारला, बरोबर उत्तर आलं. खोडलेला गोल दिसायला त्या मुलाशेजारी कुणीतरी बसलेलं असावं लागतं. तास संपल्यावर त्याची वही तपासली असती तर तिथेही उत्तर बरोबरच सापडलं असतं.

६. पाठानंतरचं बोलणं

त्याच दिवशी बोला, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. जागा मुख्याध्यापकांचं कार्यालय नको. रिकाम्या वर्गात, शेजारी-शेजारी बसून, वही मध्ये ठेवून बोला.

क्रम असा ठेवा. आधी ज्यांचा वर्ग त्यांनी सांगायचं: मुलं कुठे खुलली, कुठे अडली. मग निरीक्षकाने नोंदी वाचायच्या, नुसत्या वाचायच्या. मग दोघांनी मिळून ‘असं का झालं असेल?’ यावर डोकं लावायचं. शेवटी एकच बदल ठरवायचा. दोन नाही.

त्या दशांशाच्या तासानंतर आमचं बोलणं साधारण असं झालं:

‘सर, तो चुकला कसा? कालच तर स्थानिक किंमत झाली.’

‘तुम्हाला काय वाटतं, त्याने काय पाहिलं असेल?’

‘पस्तीस आणि चार. पस्तीस मोठे.’

‘आणि तिसऱ्या रांगेतल्या मुलीचं उत्तर बरोबर कशामुळे आलं?’

यावर त्या थांबल्या. दशांशात दोन्ही बाजूंच्या चुका होतात. काही मुलं अंक जास्त ती संख्या मोठी असं मानतात. काही उलट धरून चालतात, दशांश चिन्हापुढे अंक कमी ती मोठी, कारण ‘शतांश दशांशापेक्षा लहान असतो’ एवढंच त्यांच्या लक्षात राहिलेलं असतं. अशा मुलाला ०.३५ आणि ०.४ दिले तर तो चुकीच्या कारणासाठी बरोबर उत्तर देतो. लगेच ०.४५ आणि ०.४ विचारा, तो अडकतो. पहिल्या समजुतीचा मुलगा मात्र इथे सुटून जातो. म्हणून दोन्ही जोड्या एकापाठोपाठ विचारल्या तरच कोण कुठे उभा आहे ते कळतं. हे मी त्यांना ‘शिकवलं’ नाही. नोंदी समोर होत्या आणि आम्ही दोघं कागदावर उदाहरणं लिहून बघत बसलो, त्यातून ते निघालं.

टाळायची वाक्यं: ‘तुमच्या जागी मी असतो तर...’, ‘पाठ छान झाला, पण...’, ‘आमच्या वेळी...’. पहिल्या वाक्याने समोरच्याची विचारशक्ती थांबते. दुसऱ्यातलं ‘छान’ कुणाला ऐकूच येत नाही, सगळं लक्ष ‘पण’कडे असतं. कौतुक करायचं असेल तर तेही नोंदीतूनच करा: ‘तुम्ही ४ सेकंद थांबलात आणि तेव्हा मागच्या रांगेतून हात वर आला.’

७. नुसतं ठरवू नका, तोंडाने म्हणून बघा

त्या दिवशी ठरलेला बदल असा होता: सगळ्या मुलांनी उत्तर कागदावर लिहायचं आणि एकदम वर धरायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण वर्गात ऐन वेळी सूचना अडखळते, निम्मी मुलं आधीच कागद वर करतात, बाकीची बघून लिहितात, आणि शिक्षक पुढच्या आठवड्यात जुन्या वळणावर येतात. म्हणून दहा मिनिटं सराव करा. जोडीदाराने मुलगा व्हायचं. बाईंनी उभं राहून सूचना मोठ्याने म्हणायची: ‘कागद पालथा. लिहा. मी पाचपर्यंत मोजते. आता वर.’ मग जोडीदाराने चुकीचं उत्तर दाखवायचं, आणि बाईंनी आवाजात किंवा चेहऱ्यावर काही न दाखवता विचारायचं: ‘तू कसं ठरवलंस ते सांग.’ हे निर्विकारपणे विचारणं पहिल्या झटक्यात कुणालाच जमत नाही. चेहरा सांगून टाकतो, आणि मुलं चेहरे वाचण्यात तरबेज असतात.

सूक्ष्म अध्यापनाची कल्पना १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात पुढे आली ती नेमकी यासाठीच: एक छोटं कौशल्य, थोडा वेळ, पुन्हा पुन्हा. आपण ती प्रशिक्षणाच्या वर्षात उरकतो आणि नोकरी लागल्यावर विसरतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या शिक्षक-प्रशिक्षणाच्या अभ्यासकांनीही हेच मांडलं होतं, की नवी पद्धत समजावून, दाखवून आणि करवून घेतली तरी वर्गात ती रुजायला शेजारी सोबत करणारं माणूस लागतं.

८. आठ-दहा दिवसांत परत जा

तोच वर्ग, तोच प्रश्न, आणि आदल्या नोंदीत नाव असलेली तीच मुलं. परत न गेल्यास आधीचं सगळं पाण्यात. बदल जमला नसेल तर तो सोडून देऊ नका, आणखी लहान करा. जमला असेल तरी लगेच दुसरा घेऊ नका. अंगवळणी पडायला तीन-चार आठवडे लागतात.

९. चार-पाच फेऱ्यांनंतर: एक पाठ, सगळ्यांचा

जोड्या रुळल्या की तीन ते पाच शिक्षकांनी मिळून एकच पाठ घडवून बघा. जपानमध्ये याला ‘जुग्यो केन्क्यू’ म्हणतात, आणि तिथे या परंपरेला शंभरहून अधिक वर्षं झाली. मुलं हमखास अडतात असा घटक निवडा. टाचण एकत्र लिहा, आणि त्यात ‘मुलं काय काय उत्तरं देतील’ हा रकाना आवर्जून ठेवा, चुकीच्या उत्तरांसकट. एकाने पाठ घ्यायचा, बाकीच्यांनी दोन-दोन मुलं वाटून घेऊन बघायचं. मग टाचण दुरुस्त करून दुसऱ्याने दुसऱ्या तुकडीवर घ्यायचं. चर्चेत ‘तुमच्या पाठात’ नाही, ‘आपल्या पाठात’ म्हणायचं. पाठ कोसळला तरी तो सगळ्यांचा कोसळतो, आणि मग माणसं मोकळेपणाने बोलतात.

१०. कुठे घसरतं

वहीचं रजिस्टर होतं. कुणीतरी वरून विचारतं, ‘किती निरीक्षणं झाली?’, आणि मग आकडा भरण्यासाठी नोंदी लिहिल्या जातात. मुख्याध्यापकांनी इथे ढाल व्हावं. वर फक्त फेऱ्यांची संख्या कळवावी, नोंदींच्या प्रती देऊ नयेत.

‘आदर्श पाठ’ नावाचा प्रकार सुरू होतो. एका शिक्षकाला सगळ्यांसमोर उभं करतात, बाकीचे टाळ्या वाजवतात, आणि उरलेल्या वर्षात त्या शिक्षकाला कुणी जेवणाच्या सुट्टीत बोलावत नाही. हे करू नका.

मोबाईलवर चित्रण करायचं असेल तर ज्यांचा वर्ग त्यांच्याच फोनवर करा. मुलांचे चेहरे बाहेर जाणार नाहीत याची काळजी घ्या, त्यासाठी शाळेचा आणि पालकांचा होकार आधी घ्या, आणि बघून झालं की चित्रण पुसून टाका. बहुतेक वेळा नुसता आवाज रेकॉर्ड केला तरी भागतं.

आणि काही शिक्षक ‘नाही’ म्हणतील. त्यांच्यामागे लागू नका. कधीकाळी निरीक्षणाच्या नावाखाली त्यांचा अपमान झालेला असतो, तो ते सांगत नाहीत. त्यांना आधी दुसऱ्यांच्या वर्गात बसायला बोलवा. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना दीड वर्ष लागलं. एक दिवस ते स्वतःहून म्हणाले, ‘मागच्या रांगेला माझं अक्षर वाचता येतं का, तेवढं बघून सांगाल?’ आम्ही तेवढंच बघायला गेलो. दोन मुलं फळ्याकडे न बघता शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेत होती. दुसऱ्या दिवशी सरांनी त्यांना पुढच्या बाकावर आणलं, अक्षर मोठं केलं, आणि त्यातल्या एकाच्या पालकांना मुलाचे डोळे तपासून घ्यायला सांगितलं. आठवड्याने आम्ही पुन्हा गेलो तेव्हा तो मुलगा चष्मा लावून फळ्यावरून लिहीत होता, आणि सरांच्या वहीत पुढच्या फेरीचा प्रश्न तयार होता.